बंद घरांची हाक

तिवरबंदर, ता. मालवण, जि. रत्नागिरी
१२ ऑक्टोबर १९६०

दादा,

नमस्कार. तुझा पत्ता बाबलीने दिला. मुंबईला त्याचं गलबत लागलं तेव्हा तू त्याला धक्क्यावर भेटलास, चहा पाजलास आणि घरचं काही विचारलं नाहीस. "इचारल्यान नाय, पण उठलो पण नाय," असं तो म्हणाला. त्याच्या या शेवटच्या बोलण्याच्या भरवशावर लिहिते आहे.

भाईंना भाद्रपदात झटका आला. वाचनालयात संध्याकाळचं वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. समोर नेहमीचे खलाशी. एका बातमीच्या मध्यावर ते थांबले. कठीण शब्द आला की थांबून सोपा करून सांगायची त्यांची सवय, म्हणून सगळे त्या शब्दाची वाट बघत बसले. बाबलीला चष्मा खाली पडलेला दिसला तेव्हा कळलं.

उजवं अंग गेलं आहे. वाचा गेली आहे. समजतं सगळं. डाव्या हाताने पाटीवर एखादा शब्द काढतात, पण अक्षर इतकं वाकडं की ते मला एकटीलाच लागतं. खाडीपलीकडच्या शाळेत मला कुणी पाठवलं नाही. वाचनालयाच्या पडवीत ताटात वाळू पसरून भाईंनीच शिकवलं. माझा हात त्यांच्या हातात धरून काढलेली अक्षरं तेव्हाही अशीच वाकडी यायची. आपल्या वडिलांचा हात मला वाकडाच ओळखीचा आहे, हे आता उपयोगी पडलं.

वाचनालय मीच उघडते. पावसात पुस्तकांना ओल धरली होती, ती पडवीत वाळवली. पानांत कसर लागू नये म्हणून ठेवलेली वेखंडं बदलली. सकाळी मास्तर येतात, संध्याकाळी खलाशी. वर्तमानपत्र मी वाचते. पहिल्या दिवशी माझा आवाज इतका बारीक आला की बाबली म्हणाला, "गो तुळसा, बातमी आमका सांगतंस की भिंतीक?" आता जरा मोठा निघतो.

भाईंनी लिहिलेला गावाचा इतिहास कपाटात तसाच आहे. परवा धूळ झाडताना उघडला. किती घरी बसून, कुणाच्या जाळ्याचं टोक धरून, कुणाच्या मळणीला उभं राहून हे सारं गोळा केलं असेल! दोन तोंडांनी सांगितल्याशिवाय त्यांनी एक ओळ लिहिली नाही. देवळामागच्या वीरगळाचा दगड कुठून आला हे त्यात आहे, बंदरावरची जुनी जकात आहे, आपल्या गावपळणीबद्दल कोण काय म्हणतं तेही आहे. आणि 'लक्ष्मीप्रसाद' गलबत आहे. पणजोबांच्या वेळी ते खाडीच्या तोंडावर फुटलं, घरटी जवळपास एक पुरुष गेला, इथपर्यंत लिहून पुढचं पान कोरं.

त्या पानावरून तू भाईंना काय बोललास ते मी दाराआडून ऐकलं होतं. "बुडालेल्यांची नावंच नाहीत, मग हा इतिहास कुणाचा?" मलाही ते बोलणं खरं वाटलं होतं. म्हणून परवा मी पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "भाई, ती नावं सांगा. एकेक करून सांगा, मी उतरून घेते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळव्याने पाटी पुसली. पाटीवर काही लिहिलेलं नव्हतं.

ये, असं लिहायचा मला अधिकार आहे की नाही ते ठरत नाही. म्हणून फक्त कळवते.

तुळसा


तिवरबंदर
१३ नोव्हेंबर १९६०

दादा,

उत्तर आलं नाही. पत्र पोचलं असं धरून चालते.

देवाने उजवा कौल दिला. मार्गशीर्षात गावपळण ठरली. तीन दिवस गाव रिकामं ठेवायचं, गुरं, कोंबड्या, मांजरंसुद्धा घेऊन वेशीबाहेर जायचं. मालवणच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "रोग्याला खाटेवरून हलवायचं नाही. देवाला माझं नाव सांगा." मी घाबरून घरी आले. तू मागे राहिलास तेव्हा काय झालं ते मी विसरलेले नाही. सगळं गाव बाहेर, आणि परतल्यावर बाबलीला तू वाचनालयात पुस्तकं उशाला घेऊन झोपलेला सापडलास. भाईंनी देवळात उभं राहून तुझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, सगळ्यांसमोर कान धरले. "जी प्रथा माणसांनी पाडली असं तुम्हीच लिहिलंत, तिच्यापुढे वाकलात," एवढं बोलून तू मालवणला बोटीवर गेलास. सहा वर्षं झाली.

मला वाटलं होतं, या वेळी मीच भाईंजवळ राहते. एक आजारी माणूस आणि एक मुलगी, देव समजून घेईल. तेवढ्यात यशोदाआजी आली. तुला ती आठवत असेल, तांडेलांच्या घरातली, दात नाहीत पण आवाज खाडीपार जातो.

"भाईक न्हेवकच व्हया," दारातूनच म्हणाली.

"आजी, डॉक्टर नको म्हणतात."

"डागदर काय सांगता ता माका सांगू नको. तुझो बापूस नाय इलो तर बंद घरातले उपाशी रवतले."

मला काही कळेना. तेव्हा तिने मला विहिरीजवळ नेलं आणि सांगितलं. लग्न न झालेल्या मुलींना हे सांगत नाहीत, म्हणून मला आजवर ठाऊक नव्हतं. मी तुला जसं ऐकलं तसंच लिहिते, माझं काही घालत नाही.

'लक्ष्मीप्रसाद'मधल्या माणसांची नावं गावाच्या शिवेत कुणी घेत नाही. घेतलं तर ती हाक समजून ते घराकडे येतील, आणि पाण्यातला माणूस एकदा उंबरा ओलांडून आला की परत जात नाही. पण त्यांना कायमचं विसरायचंही नाही. म्हणून गाव बाहेर पडतं तेव्हा, शेवटच्या सकाळी, भरती चढत असताना बायका खाडीच्या तोंडाशी उभ्या राहतात आणि घरच्या माणसाला जेवायला हाक मारावी तशी नाव घेऊन हाक मारतात. पान वाढून वाळूवर ठेवतात. पाणी ते उचलतं.

"आणि जी घरं बंद पडली? ज्यांची माणसं मुंबईला गेली, नाहीतर संपली?" मी विचारलं.

"थंय तुझो बापूस. माझ्या मागे उभो रवता, एकेक नाव सांगता, आणि मी हाक मारतंय. माझ्या डोक्यात आता काय ऱ्हवणा नाय गो. त्याच्या डोक्यात सगळी आसत."

दादा, मी विहिरीच्या काठावर बसले. गावातली किती दारं बंद आहेत ते तुला माहीत आहे. त्या प्रत्येक दारामागचा एक माणूस भाईंच्या एकट्याच्या डोक्यात होता, आणि आता त्यांची जीभ गेली आहे.

आणि आणखी एक कळलं. तू मागे राहिलास तेव्हा गावाने भाईंना सांगितलं होतं, तुमच्या घराने प्रथा मोडली, पुढच्या खेपेला तुम्ही आमच्याबरोबर बाहेर यायचं नाही. ते कान धरून उभे राहिले ते त्यासाठी. देवापुढे वाकले की नाही ते मला सांगता येत नाही. पण त्यांना पुढे बाहेर जाता आलं नसतं तर ती बंद घरं गप्प राहिली असती.

ते तुला तेव्हा हे का बोलले नाहीत? कदाचित तू वाचनालयात उभा राहून विचारत होतास म्हणून. तिथे नावं घ्यायची नाहीत, म्हणजे त्या पानाबद्दल बोलायचंच नाही, असं त्यांनी धरलं असेल. हा माझा अंदाज आहे. दुसऱ्या तोंडाने सांगितलेला नाही.

डॉक्टरांचं ऐकू की आजीचं? हलवताना काही झालं तर तो दोष माझा. नाही नेलं तर तोही माझा. भाईंना विचारलं. पाटीवर त्यांनी काढलं: "खुर्ची".

तुळसा


वेशीबाहेर, खाडीकाठी
१० डिसेंबर १९६०

दादा,

हे पत्र मांडीवर फळी घेऊन लिहिते आहे. वाचनालयातली भाईंची खुर्ची आठवते? तिच्या दोन्ही बाजूंना वासे बांधले आणि चौघांनी ती उचलली. पुढे बाबली. सहा वर्षांमागे तुला हाताला धरून देवळात नेणारा तोच. वाचनालयाच्या दारातून बाहेर पडताना तो ओरडला, "भाईनू, आज तुमकाच बाहेर इश्यू केलो आमी! मंगळवारी परत करतलांव, पान मोडूचा नाय!" भाई हसले. डावीकडून हसले, पण हसले.

मी वाटेत सारखी खुर्चीचा हात धरून चालत होते. त्यांचा श्वास मोजू नये असं ठरवूनही लक्ष तिथेच. गुरांचा धुरळा, टोपल्यांतल्या कोंबड्या, डोक्यावर तांदूळ. लक्ष्मीवहिनीच्या काखेत मांजर, आणि ते तिला सारखं ओरबाडत होतं. शिवेचा ओहोळ आला तशी माणसं आपोआप गप्प झाली. भाईंनी हात वर केला, खुर्ची थांबली. त्यांनी मान वळवून गावाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

कुठेच धूर नव्हता. आधीच्या गावपळणीत मी मागे वळून पाहिलं नव्हतं; बिनधुराचं गाव आज पहिल्यांदा बघितलं. माडांच्या वर एरवी सकाळी निळसर पट्टा असतो. आज तिथे फक्त आभाळ. रहाट नाही, कुत्रं नाही, लाकडं फोडल्याचा आवाज नाही. घरं होती, पण कुणीतरी ऐकायला बसावं तशी. तू या गावात एकटा तीन रात्री कसा राहिलास? भीती वाटली का, हे कधीतरी विचारायचं आहे. टोमणा म्हणून नाही. तू पाहिलंस ते मी पाहिलेलं नाही, आणि तुझ्याशिवाय कुणीच पाहिलेलं नाही.

माडाच्या चुडतांच्या खोपी घातल्या आहेत. गावात एकमेकांच्या ओटीवर न चढणारी माणसं इथे वाळूत एका ओळीत बसली आहेत, एकाची चूल विझली तर दुसरीतून निखारा नेतात. भाईंना मधल्या खोपीत ठेवलं आहे. प्रवासाने ते थकले, दुपारी ताप वाटला, मी घाबरले. आता झोपले आहेत.

नावं कशी निघणार ते कळत नाही. पाटी आणलेली नाही. ती गावात परत न्यावी लागेल, आणि पुसली तरी नाव त्या दगडात राहिलं की गेलं, हे कोण सांगणार? कागदावर लिहायला टाक त्यांच्या डाव्या हातात ठरत नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "माका काय इचारतंस? वाचूक तुका येता."

तुळसा


तिथेच
१३ डिसेंबर १९६०, सकाळ

दादा,

धुक्याने केस अजून ओले आहेत. गाव परत जायच्या तयारीत आहे. शीव ओलांडायच्या आत मला हे पुरं करायचं आहे. का, ते शेवटी कळेल.

उजाडायच्या सुमारास बायका पाण्याकडे निघाल्या. मला जायचा हक्क नव्हता, पण खुर्चीबरोबर मी गेले आणि कुणी अडवलं नाही. बाबली आणि बाकीचे खुर्ची वाळूवर टेकवून पाठ करून दूर उभे राहिले. धुकं होतं. समुद्र दिसत नव्हता, त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. भरती वाळूवरून बोटाबोटाने वर येत होती.

पहिली हाक यशोदाआजीने मारली. मी काहीतरी मंत्रासारखं असेल असं धरून बसले होते. तसं काही नव्हतं. "ए बाबुलो, निवता मा रे भात! जेवक ये!" रोजची हाक. मागच्या दारी उभं राहून मारतात तशी, थोडी रागाचीसुद्धा. मग लक्ष्मीवहिनीने आपल्या घरच्या माणसाला हाक मारली. मग पुढची. प्रत्येक हाकेनंतर त्या खरंच थांबत, उत्तर यायला लागेल तेवढा वेळ. धुक्यातून पाण्याचा आवाज यायचा, आणि मग पान खाली ठेवायच्या. दादा, मी विश्वास ठेवते की नाही हे मला आजही सांगता येणार नाही. एवढं सांगते की त्या थांबण्यात मीसुद्धा कान देऊन ऐकत होते.

आपल्या घराची पाळी आली. आजीने माझ्याकडे पाहिलं. "घराची हाक घरानच मारूची. आजपावत मी मारलंय, आता तू आसस." मला आपल्या पणजोबांचं नाव ठाऊक नव्हतं. घरात कधी उच्चारलेलं ऐकलं नव्हतं.

तेव्हा भाई खुर्चीतून पुढे वाकले. मला वाटलं पडतात, मी धरायला गेले. त्यांनी माझा हात झटकला आणि डाव्या हाताचं बोट वाळूत टेकवलं.

वाळूत, दादा! पडवीतल्या ताटात काढायचे तशी, वाकडी, एकात एक अडकलेली अक्षरं. मी गुडघ्यांवर बसून वाचलं. परशुराम. मी हाक मारली. आवाज बारीक निघाला. "भिंतीक सांगतंस काय?" दुरून, पाठमोरा बाबली म्हणाला, आणि बायका त्या थंडीत हसल्या. मी पुन्हा मारली, या वेळी मोठ्याने.

मग बंद घरं. भाई काढत, मी वाचत असे, आजी आधी मान हलवत असे, "होय, होय, तोच," आणि मग हाक मारत असे. तिची मान हलली की मला धीर यायचा. दुसरं तोंड होतं ना. वरच्या आळीत नुसता चौथरा उरला आहे, तिथला महादू. तळ्याजवळच्या कुलूप लावलेल्या घराचा भिकाजी, आणि त्याचा धाकटा भाऊ, ज्याला फक्त 'पोर' म्हणत, दुसरं नाव भाईंनाही मिळालं नाही. त्यांनी 'पोर' असंच काढलं आणि आजीने तशीच हाक मारली. शिवणकाम करणाऱ्या कुटुंबातला दाजी, गलबताची शिडं शिवायला म्हणून गेलेला, ज्याला त्या फेरीला जायचंच नव्हतं. घराचं नावसुद्धा न उरलेला विठू. प्रत्येक नावाला भाईंचा हात जड होत होता. पाणी आलं की अक्षरं पुसायचं, ते खुर्ची मागे घ्यायची खूण करत, आणि कोरड्या वाळूत पुन्हा सुरू. ज्यांच्यासाठी या पृथ्वीवर रडणारं कुणी नाही त्यांना माझा मुका बाप जेवायला बोलावत होता. मी इतका मोठा माणूस पाहिलेला नाही, आणि तो रोज माझ्या हातची पेज खातो.

सगळी पानं मांडून झाली. एक पान उरलं. आजीने मोजून आणलेली, म्हणून ती वैतागली. "आणि कोण रवलो, भाई?"

त्यांनी उरलेल्या पानाकडे पाहिलं. मग बोट टेकवलं. मी पहिलं अक्षर वाचलं आणि पुढचं वाचवेना. सत्यवान.

मी तळव्याने ते पुसायला गेले. जिवंत माणसाचं नाव, त्या नावांच्या मागोमाग! भाईंनी माझं मनगट धरलं. डावा हात, पण जोर होता. मी आजीला सांगितलं, रडत सांगितलं, की भाईंचं डोकं ठिकाणावर नाही, हे नाव दादाचं आहे.

आजी म्हणाली, "जितो आसा मा तो?"

"आहे."

"घराकडे येता?"

"नाही."

"मगे? बुडलेलो काय आणि न इलेलो काय, पान वाढणाऱ्याक सारखोच. मार हाक."

मी मारली. "दादा" म्हणून नाही, नावाने, आयुष्यात पहिल्यांदा. "सत्यवान, जेवायला ये!" सगळ्या बायका थांबल्या. सूर्य वर येत होता, धुक्याला पिवळेपणा आला होता. इतरांसाठी थांबल्या त्यापेक्षा जास्त वेळ थांबल्या.

ते पान मात्र भाईंनी वाळूवर ठेवू दिलं नाही. मांडीवर घेतलं आणि त्यातला भात स्वतः खाल्ला, डाव्या हाताने, सांडत. रिकामं पान माझ्या हातात दिलं, मी ते धुतलं. ते माझ्या पिशवीत आहे.

आता माझी अडचण. आजी म्हणते, ज्याला पाण्यावर हाक मारली त्याचं नाव शिवेत घ्यायचं नाही, हा नियम तुलाही लागला. तो सुटायचा मार्ग एकच: ज्याला हाक गेली त्याने आपल्या पायांनी चालत येऊन त्या पानावर जेवायचं. तोवर घरात तुझं नाव निघणार नाही. पाकिटावरसुद्धा लिहिता येणार नाही. म्हणून हे पाकीट मी इथेच, ओहोळाच्या अलीकडे लिहिते आहे आणि खाडीपलीकडच्या गावच्या पेटीत टाकायला बाबलीकडे देते आहे. पाकिटावर तुझं नाव आहे हे कळल्यावर तो म्हणाला, ते शर्टात घालून गावात नेणार नाही, होडीतच दगडाखाली ठेवणार.

तुला कळलंच असेल. वर मी ती नावं लिहिली आहेत. हा कागद गावात गेलेला नाही आणि जाणार नाही. भाईंना दाखवून विचारलं, चालेल का? त्यांनी बराच वेळ वाचलं आणि होकाराची मान हलवली. इतिहासातलं ते पान गावात कोरंच राहील. भरलेलं पान बाहेर राहणाऱ्या माणसाकडे असावं लागेल, आणि आपल्या घरात बाहेर राहणारा तूच आहेस. पुढच्या गावपळणीला भाई नसले तर मला विचारायला कुणीतरी हवं.

येशील तेव्हा हे पत्र तिकडेच ठेवून ये.

खुर्ची उचलली. बाबली ओरडतो आहे, "भाईनू, मुदत सपली!" जाते.

तुळसा